कॅपुचिनो, लाटे आणि घरच्या दुधाचा फेस: आमच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात आमचं कॉफीचं छोटं दुकान आहे. सहा टेबलं, एक मशीन, मागं एक फ्रीज. गिऱ्हाईक निम्मं शिकवणीला आलेल्या पोरापोरींचं, निम्मं बाजाराला आलेल्या माणसांचं. मागच्या हिवाळ्यात औशाकडचे एक काका नातवाला भेटायला आले होते. नातवानं त्यांच्यासाठी कॅपुचिनो सांगितली. काकांनी कपात चमचा उभा केला, तो उभाच राहिला, तसं मला हाक मारून म्हणाले, "मालक, निम्मा कप तर फेसच है की. पैसे फेसाचे घेता का काय?"

त्या दिवसापासून लोक काय काय विचारतात ते एका वहीत लिहून ठेवायला लागलो. वही भरली. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं आहेत, पहिला अर्थातच काकांचा.

कॅपुचिनोत निम्मा फेसच असतो. हे मापात पाप नाही का?

नीट बनवली तर नाही. इटलीत कॅपुचिनोचं जे माप धरतात त्यात २५ मिली एस्प्रेसो (यंत्रातून दाबानं काढलेली कडक कॉफी) असते आणि १०० मिली थंड दूध वाफेनं फेसवून १२५ मिली केलेलं असतं. म्हणजे दुधात हवा मिसळते ती फक्त पाव पट. दूध तेवढंच राहतं, अंगानं जरा फुगतं. चांगला फेस दुधापासून वेगळा दिसतच नाही. तो चकाकतो, कप हलवला की दुधाबरोबर हलतो, आणि पिताना ओठाला मलईसारखा लागतो.

चमचा उभा राहील असा कोरडा, साबणाच्या पाण्यासारखा फेस वर आणि खाली काळपट पाणी, असं असेल तर गिऱ्हाईकाचं बरोबर आहे, कप परत द्यावा. काकांचा कप तसाच होता. पोरगा नवीन होता, वाफेची नळी दुधाच्या वरच धरून बसला होता. दुसरा कप मी स्वतः करून दिला. काकांनी तो न बोलता संपवला आणि मग म्हणाले, "हां, आता दूध लागलं तोंडाला."

एस्प्रेसो म्हणजे लग्नात मिळते तीच ना?

नाही, पण हा गैरसमज इतका गोड आहे की तो मोडताना मला वाईट वाटतं. मांडवाच्या कोपऱ्यात उभा चकचकीत बंब, खाली गॅस, बाजूला नळी. मगमध्ये इन्स्टंट पावडर, साखर, दूध. नळी आत गेली की घुर्रर्र आवाज, आणि वरून चॉकलेटच्या पावडरीची चिमूट. आपल्याकडं निदान दोन पिढ्या ह्यालाच 'एक्स्प्रेसो' म्हणत आल्यात. दुकानात कुणी एस्प्रेसो मागितली आणि मी अंगठ्याएवढा कप पुढं ठेवला की समोरच्याचं तोंड उतरतं. "एवढीच?" म्हणून मी आता आधीच विचारतो, लग्नातली का कडू?

कडू म्हणजे खरी एस्प्रेसो. बारीक दळलेली ताजी कॉफी दाबून बसवायची आणि तिच्यातून ९० ते ९६ अंशांचं पाणी साधारण ९ बार दाबानं २५-३० सेकंद ढकलायचं. मोटारीच्या टायरात ३०-३५ पीएसआय हवा असते. ९ बार म्हणजे १३० पीएसआय, टायरच्या चौपट. एवढ्या दाबामुळं कॉफीतलं तेल आणि वायू पाण्यात मिसळतात आणि कपात वर तांबूस, दाट साय येते. तिला क्रेमा म्हणतात. त्यात दुधाचा थेंब नसतो.

गंमत अशी की सुरुवातीची यंत्रं आपल्या लग्नातल्या बंबासारखी वाफेवरच चालायची. तुरिनमध्ये आंजेलो मोरिओन्दोनं १८८४ साली पेटंट घेतलं, मिलानच्या लुईजी बेझेरानं १९०१ साली. त्या यंत्रांचा दाब कमी, त्यामुळं क्रेमा येत नसे. ती आली १९४० च्या दशकाच्या अखेरीस, अकिले गाज्जियाची दांड्याची यंत्रं बाजारात आल्यावर. तेव्हा लग्नातल्या बंबवाल्याला हसू नका. कॉफीत नाही, पण वाफेनं दूध फुगवण्यात तो माणूस अनेकदा कॅफेतल्या पोरांपेक्षा तयार असतो.

लाटे, कॅपुचिनो, फ्लॅट व्हाइट, मॅकियाटो… सगळ्यांत कॉफी तीच असते का?

तीच असते. एका एस्प्रेसोवर दूध आणि फेस किती, एवढ्यावर नाव बदलतं. एक कप समोर ठेवून त्यात दूध वाढवत चला.

एस्प्रेसोवर चमचाभर फेस टाकला की मॅकियाटो. ह्या इटालियन शब्दाचा अर्थ 'डाग पडलेली'. काळ्या कॉफीवर पांढरा डाग. एस्प्रेसोइतकंच गरम दूध, फेस जवळजवळ नाही, ही कोर्तादो, मूळची स्पेनची. पहिल्यांदा कॅफेत येऊन 'कडक पण दुधाची' मागणाऱ्या माणसाला मी हीच देतो. आपल्या कडक चहाच्या जिभेला ती लगेच पटते.

फ्लॅट व्हाइटला बहुतेक ठिकाणी दोन शॉट, म्हणजे दोन एस्प्रेसो, घालतात, दीडशे-एकशेसाठ मिलीचा कप, आणि वर अगदी पातळ, नखाएवढा रेशमी थर. ही आधी कुणी केली यावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची १९८० च्या दशकापासूनची भांडणं आहेत, भावकीतल्या बांधाच्या वादासारखी. निकाल लागणार नाही.

कॅपुचिनो १५० ते १८० मिली, फेसाचा थर बोटाच्या पेराच्या आसपास. नाव पडलं कापुचिन ह्या ख्रिस्ती पंथाच्या साधूंच्या तपकिरी झग्यावरून. लाटे सगळ्यांत दुधाळ, अडीचशे-तीनशे मिली, फेस अर्ध्या सेंटिमीटरचा. इटलीत जाऊन नुसतं 'लाटे' म्हणालात तर पेलाभर साधं दूध येईल, कारण लाटे म्हणजेच दूध. पूर्ण नाव 'काफे लाटे'. आमच्याकडं एका मावशींनी कार्ड वाचून विचारलं होतं, "लाटे म्हणजे पोळ्या का?" तेव्हापासून कार्डावर मी कंसात 'दुधाळ कॉफी' असं लिहितो.

एक व्यावहारिक खूण सांगतो. तुमच्यासमोर साडेतीनशे मिलीचा मग आला आणि त्याला कॅपुचिनो म्हटलं असेल, तर ती कोको भुरभुरलेली लाटे आहे. वाईट नाही, फक्त नाव चुकलंय.

अमेरिकानो म्हणजे पाणी घातलेली कॉफीच ना? मग पैसे तेवढेच का?

एस्प्रेसोत गरम पाणी, बरोबर. शॉट तोच, दळलेली कॉफी तेवढीच, म्हणून पैसे तेवढेच.

मोका आणि मोका पॉट एकच का?

नावापुरतेच एक. मोका हे पेय म्हणजे एस्प्रेसो, चॉकलेट आणि फेसवलेलं दूध. मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवायचं अष्टकोनी ॲल्युमिनियमचं भांडं, जे इटलीत आल्फोन्सो बियालेत्तीनं १९३३ साली आणलं. दोघांचंही नाव येमेनच्या मोखा बंदरावरून आलंय. जुन्या काळी जगाला कॉफी तिथूनच जायची.

येमेनशी आपलंही नातं आहे. बाबा बुदान हे सूफी संत सतराव्या शतकात हजहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, अशी आख्यायिका आहे. तो डोंगर आज बाबाबुदनगिरी म्हणून ओळखला जातो. आजही देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, आणि लातूरहून कर्नाटकची हद्द काही लांब नाही. तरी आपण चहावाले राहिलो.

घरी एस्प्रेसोच्या जवळचं काही हवं असेल तर मोका पॉट घ्या. लाइट गेली तरी गॅसवर चालतो, आणि मे महिन्यात ही गोष्ट लहान नाही. पाणी आतल्या झडपेच्या खालपर्यंतच भरा. कॉफी चाळणीत सपाट करा, दाबू नका. आच मध्यम ठेवा, गुडगुड आवाज यायला लागला की लगेच उतरवा. नंतर येते ती करपट. दाब जेमतेम दीड बार असतो, त्यामुळं क्रेमा शोधू नका, पण दुधाला पेलणारी कॉफी निघते.

फिल्टर कॉफीत चिकोरी असते म्हणजे ती भेसळ का?

चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफीन नसतं. ती रंग देते, दाटपणा देते, थोडी गोडसर कडवट चव देते. पाकिटावर टक्केवारी छापलेली असते, आणि कायद्यानं अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवीच. लपवून घातली तर भेसळ, छापून घातली तर आवडीचा प्रश्न. माझ्या मते दुधात घालायच्या काढ्याला वीस टक्क्यांपर्यंत शोभते. त्याच्या वर गेलं की जाळलेल्या गुळाचा वास येतो.

पितळेच्या किंवा स्टीलच्या फिल्टरात तीन मोठे चमचे पावडर, वर उकळून जरा निवलेलं शंभर मिली पाणी, आणि वीस मिनिटं हात न लावणं. मग जो काढा खाली जमतो तो एक भाग, दूध तीन भाग. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हातभर उंचीवरून ओतायचं. हे ओतणं नुसता तोरा नव्हे. त्यानं साखर विरघळते, कॉफी पिण्याजोगी होते, आणि फेस येतो. मशीन नसताना दक्षिणेनं फेसाचा प्रश्न असा सोडवला.

दुधाला फेस येतो तो नेमका कशामुळं?

दुधातल्या प्रथिनांमुळं. हवा दुधात शिरली की प्रथिनं बुडबुड्याभोवती पातळ कातडं धरतात. बुडबुडे जितके बारीक, तितका फेस टिकाऊ आणि गुळगुळीत. स्निग्धांश उलटं काम करतो. कोमट, अर्धवट वितळलेला स्निग्धांश त्या कातड्यात घुसून ते फोडतो, पण चवीचा भरीवपणा त्याच्याचमुळं येतो. म्हणून हा सगळा खेळ तापमानाचा आहे.

दूध फ्रीजमधलं, चार-पाच अंशांचं घ्या. थंड दुधात हवा भरायला वेळ मिळतो. हवा भरायची ती दूध अंगाइतकं कोमट, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास होईपर्यंत. त्यापुढं नुसतं फिरवायचं, आणि ६० ते ६५ अंशांवर थांबायचं. ह्या टप्प्यावर दूध सगळ्यांत गोड लागतं. ७० च्या पुढं गेलं की काही प्रथिनं उकडतात, तापवलेल्या दुधाचा वास सुटतो आणि फेस बसायला लागतो.

आपली सगळ्यांत मोठी अडचण इथंच आहे. आपल्याला कॉफी चटका बसेल अशी लागते. साठ अंशांची दिली की "दादा, गार है" असं म्हणतात. पुन्हा तापवली की फेसही गेला आणि चवही. मी आता कप आधी गरम पाण्यानं तापवून घेतो, आणि अगदीच आग्रह झाला तर ६८ पर्यंत जातो.

आणि गॅसवर उतू जाणारं दूध? तो फेस वेगळा. वर सायीचं झाकण बसतं, खालची वाफ त्याला उचलते. आच बंद केली की धप्पकन खाली बसतो, कपात काही येत नाही.

म्हशीचं दूध चालतं का, का पिशवीचंच लागतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण बाहेरचे सगळे व्हिडिओ गायीच्या दुधावर केलेले असतात आणि आपल्या घरात रतीब म्हशीचा असतो.

म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के किंवा त्याहून जास्त असतो, गायीच्या साडेतीन-चारच्या आसपास. पण म्हशीच्या दुधात प्रथिनंही जास्त असतात. त्यामुळं फेस कमी उंच, पण दाट आणि टिकाऊ येतो. चव जड होते, दोन घोटांत पोट भरतं. काही जणांना तेच हवं असतं. तापवलेलं दूध रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वरची जाड साय काढा, उरलेलं बारीक गाळणीनं गाळून घ्या. सायीचा एक तुकडा राहिला तरी फेसात गुठळी येते. जड वाटलं तर निम्मं टोन्ड दूध मिसळा. पाणी घालू नका. पाण्यानं प्रथिनंही पातळ होतात, आणि मग घुसळत बसा.

देवणी गाय आपल्याच जिल्ह्यातली, लाल कंधारी नांदेडची. ह्यांचं दूध घरी येत असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. एका गिऱ्हाईकानं उदगीरकडून देवणीचं दूध बाटलीत आणून दिलं होतं. त्या दिवशीची फ्लॅट व्हाइट मी विकली नाही, आम्हीच प्यायलो.

नवशिक्यानं मात्र पिशवीच्या टोन्ड दुधावर हात बसवावा. त्यात ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ ठरलेले, रोज सारखंच वागतं. डबल टोन्डला (१.५ टक्के) फेस भरभरून येतो पण तोंडात पोकळ लागतो. फुल क्रीम (६ टक्के) चवीला छान, हाताला अवघड.

आमच्याकडं मशीन नाही. घरी फेस कसा काढू?

माझी माय ताकाच्या रवीनं काढते. मी तिला शिकवलं नाही, तिनं मला शिकवलं. दुकान टाकायच्या आधी मी घरी वेगवेगळ्या वस्तू आणून प्रयोग करत होतो. तिनं चार दिवस बघितलं, पाचव्या दिवशी फडताळातली लाकडी रवी काढली, उंच अरुंद गंजात कोमट दूध घेतलं, रवी तळाला न टेकवता वरच्या बोटभर दुधात धरली आणि दोन्ही तळव्यांत गरगर फिरवली. मिनिटभरात वर फेस. मग रवी हळूच खाली नेली आणि सावकाश फिरवत राहिली. मोठे बुडबुडे फुटले, बारीक राहिले. पुढं मशीनच्या नळीनं जे शिकलो ते हेच. आधी वर हवा, मग खाली भोवरा.

रवी नसेल तर फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याला जाळी लावलेलं कॉफी गाळायचं भांडं, सगळ्यांत भरवशाची. भांड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच गरम दूध घाला, दांडा वीस-पंचवीस वेळा भराभर वर-खाली करा. अर्धा मिनिट थांबा, भांडं ओट्यावर हलकेच आपटा, गोल फिरवा. बॅटरीवर चालणारं हातातलं घुसळणं स्वस्त आहे, पण बुडबुडे मोठे काढतं. त्याचं टोक पृष्ठभागाजवळ दहा सेकंद, मग तळाशी वीस सेकंद धरलं तर बरं जमतं.

काहीच नसेल तर काचेची बरणी. थंड दूध निम्म्यापेक्षा कमी भरा, झाकण घट्ट लावा, चाळीस सेकंद जोरात हलवा. मग झाकण काढून बरणी गरम पाण्यात ठेवा.

दूध गरम झालं का, हे बघायला थर्मामीटर नसेल तर स्टीलच्या भांड्याला बाहेरून तळवा लावा. तीन मोजेपर्यंत धरवेनासं झालं की साठच्या आसपास आलंय.

दोन गोष्टी करू नका. गरम दूध मिक्सरमध्ये झाकण लावून फिरवू नका. मी फिरवलंय. वाफेनं झाकण उडालं, दूध छताला लागलं आणि तो डाग घर रंगवेपर्यंत तिथंच होता. हात वाचला हे नशीब. दुसरं, कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून वाफ काढायचे व्हिडिओ फिरतात, ते बघून सोडून द्या.

मशीन घेतलंय, पण फेसच येईना गेलाय. काय चुकतंय?

बहुतेक वेळा नळीची जागा. क्रमानं सांगतो. जग तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त भरा, चोचीच्या खालच्या टोकापर्यंत. नळीतली वाफ आधी एकदा फडक्यात सोडा, कारण सुरुवातीला पाणी येतं. नळीचं टोक दुधात जेमतेम बुडेल असं, मध्यापासून थोडं बाजूला धरा आणि वाफ पूर्ण उघडा. अर्धवट उघडू नका. कागद फाडल्यासारखा 'च्स्स, च्स्स' आवाज आला पाहिजे. तो तीन ते पाच सेकंद, एवढंच. मग जग किंचित वर उचला, म्हणजे टोक थोडं खोल जाईल. आवाज बंद होतो आणि दूध विहिरीतल्या भोवऱ्यासारखं फिरायला लागतं. हात धरवेना झाला की वाफ बंद करा, मगच नळी बाहेर काढा. उलट केलंत तर भिंत रंगते.

किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर टोक फार खोल आहे, हवा जात नाही, दूध नुसतं तापतंय. फडफड आवाज आणि मोठे बुडबुडे असतील तर टोक फार वर आहे. नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसा आणि पुन्हा एकदा वाफ सोडा. वाळलेलं दूध आतून नळी बंद करतं.

फेस आधी चांगला यायचा आणि आता अचानक येत नाही, असं असेल तर दुधाकडं बघा. जुन्या दुधात स्निग्धांश सुटा होऊन आम्लं तयार होतात, ती फेस धरू देत नाहीत. वासाला ठीक असलेलं दूधही असं करतं.

कॉफीत घातल्यावर दूध फाटतं. कॉफी खराब का?

उन्हाळ्यात हमखास येणारी तक्रार. कॉफी मुळात आम्लधर्मी. पारा चाळिशीच्या पुढं असताना गवळ्याच्या कॅनमधून आलेलं दूध आधीच आंबायच्या बेतात असतं, त्यात गरम कॉफी पडली की संपलं. दूध आल्याआल्या तापवा, लगेच थंड करा. गूळ घालायचा असेल तर कप भरल्यावर शेवटी घाला, गुळानंही कधीकधी फाटतं. सोया दुधाचंही हेच आहे, त्यात कॉफी जरा निवू द्यावी लागते. ओटचं दूध बरं वागतं, पण ज्या गावात रोज सकाळी दारात दूध येतं तिथं त्याची किंमत मोजायची का, हे तुम्ही ठरवा.

फेस फार येतो म्हणजे दुधात साबण आहे का?

वाफेनं किंवा घुसळून आलेल्या फेसावरून हे ठरत नाही, चांगल्या दुधाला फेस येतोच. शंका असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सांगितलेली सोपी चाचणी करा. पाच-दहा मिली दूध, तेवढंच पाणी, बाटलीत घालून जोरात हलवा. शुद्ध दुधावर हलवल्यानं पातळ थर येतो. दाट साबणासारखा फेस आला तर गवळी बदला.

पाणी कुठलं वापरायचं? बोअरचं चालेल?

प्यायला चालत असेल तरी मशीनला नको. आपलं बोअरचं पाणी जड, क्षार भरपूर. आम्ही पहिल्या वर्षी दुर्लक्ष केलं. आठव्या महिन्यात वाफ निम्म्यावर आली. मिस्त्रीनं उघडून दाखवलं तर आत पांढरा खडूसारखा थर होता, नखानं खरवडून निघणारा. तेव्हापासून गाळलेलं पाणी, आणि ठरावीक दिवसांनी लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं आतून धुणं, तेही मशीनच्या पुस्तिकेत चालतं असं लिहिलं असेल तरच. उलट टोकाला जाऊन सगळे क्षार काढलेलं पाणी वापरलं तर कॉफी सपक लागते. चव सुटायला पाण्यात थोडे क्षार लागतातच.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं ह्या शहराला पाणी आलं होतं. त्यामुळं जग धुताना नळ सोडून ठेवणारा पोरगा आमच्याकडं दुसऱ्या दिवशी राहत नाही.

फेटलेली कॉफी म्हणजे घरची कॅपुचिनोच ना?

चवीला मस्त, पण फेस उलटा आहे. कॅपुचिनोत दूध फेसतं, फेटलेल्या कॉफीत इन्स्टंट पावडर, साखर आणि चमचाभर पाणी फेसतं. २०२० च्या टाळेबंदीत हीच गोष्ट डालगोना नावानं घरोघर झाली आणि आपल्याकडच्या आज्या म्हणाल्या, ह्यात नवीन काय? ग्रीसमधली फ्रापे ह्याच घराण्यातली. ती १९५७ साली थेसालोनिकीच्या प्रदर्शनात एकानं गरम पाणी मिळेना म्हणून इन्स्टंट कॉफी थंड पाण्यात हलवली, त्यातून आली. हे इन्स्टंट पावडरीचंच काम. दळलेली कॉफी कितीही फेटा, हात दुखतील.

परीक्षा आहे. रात्री किती कप चालतील?

शिकवणीची पोरं रोज विचारतात. एका एस्प्रेसोत साधारण ६०-६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. धडधाकट मोठ्या माणसानं दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचं म्हणणं, गर्भवतींसाठी २००. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी ह्याच्या बरंच खाली राहावं. प्यायलेल्यातलं निम्मं कॅफीन अंगातून जायला पाच तासांच्या आसपास लागतात. रात्री दहाला घेतलेला कप पहाटे तीनलाही निम्मा जागाच असतो. म्हणून संध्याकाळी सातनंतर ओळखीच्या पोरांना मी दोन शॉटची कॉफी देत नाही. ते चिडतात. मग गरम दूध फेसवून, वर जायफळ किसून देतो. बहुतेक जण तेच पुन्हा मागतात.

फेसावर पान, बदाम काढायला शिकवता का?

फेस जमला की पान पंधरा दिवसांत जमतं. फेस जमला नसेल तर वर्षभर जमत नाही. ओतताना आधी उंचावरून बारीक धार, दूध खाली जातं. कप निम्मा झाला की जगाची चोच जवळजवळ कॉफीला टेकवून धार वाढवा, पांढरं वर तरंगतं. बाकी मनगटाचं काम.

दुकानात येऊन शिकता येईल का?

येईल. बुधवारी सकाळी साडेअकरा ते एक गर्दी नसते. एका वेळी दोघंच, कारण जग दोनच आहेत. दूध तुमच्या घरचं आणा, तापवून, गार करून, साय काढून. आदल्या दिवशीचं चालेल, परवाचं नको. आणि जुना सुती पंचा आणा, आमचे पंचे पहिल्या तासातच भिजतात.